सात खांबांची परीक्षा

खांब तपासायच्या यंत्राला लावतात त्या चिकट जेलची ट्यूब हरवल्याचं रविवारी सकाळी उघड झालं. तोवर घरातल्या सातही खांबांचं प्लास्टर दोन्ही बाजूंनी खरवडून झालं होतं आणि तपासनीस डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते.

बांधकामं तपासायच्या नोकरीतून निवृत्त होऊनही त्यांनी जुन्या प्रयोगशाळेतून यंत्र एका दिवसापुरतं मागून आणलं होतं. खांब न फोडता त्यातून आवाज पाठवायचा आणि तो किती वेळात पलीकडे निघतो ते मोजायचं. काँक्रीट भरीव असेल तर झटकन जातो, पोकळ असेल तर रेंगाळतो. बापलेकांचं ठरलं होतं : खांब पास झाले तर घर राहील. नापास झाले तर संध्याकाळी येणाऱ्या बिल्डरला घर पाडायला होकार द्यायचा आणि तपासनिसांनी मुलाकडे राहायला जाण्यासाठी गुमान बॅग भरायची. बायको गेल्यापासून बॅगेचं नाव निघालं की ते विषय बदलत.

"जेल नसलं तर काय बिघडतं?" मुलाने विचारलं.

"मध्ये हवा राहते. आवाज दारातच अडखळतो. आणि आज रविवार, दुकान बंद."

"मग लावा की दुसरं काहीतरी चिकट."

टूथपेस्ट लावली. यंत्राने असा आकडा दाखवला, जणू खांबात भुसा भरला असावा.

"बाबा, हा तर पोकळ निघाला."

"पोकळ तुझी टूथपेस्ट! वाळून पडली बघ."

मग डोक्याचं तेल लावलं. ते ओघळून फरशीवर आलं आणि यंत्राचं दुसरं टोक धरून उभा असलेला मुलगा त्यावरून घसरून दाणकन बसला.

"लागलं का रे?"

"यंत्राला नाही लागलं."

"तेच विचारतोय."

शेवटी जॅम लावला. पाच मिनिटांत मुंग्यांची रांग लागली.

"बाबा, आता नाश्त्याला खांबच चाटायचा का?" सून म्हणाली. मग ती आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. "आईंची कोल्ड क्रीम आहे. चालेल?"

तपासनिसांनी बायकोचं कपाट अजून आवरलं नव्हतं. झाकण उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"घट्ट आहे," ते म्हणाले. क्रीम की झाकण, हे कोणी विचारलं नाही.

दोन्ही टोकं क्रीम लावून टेकवली. बटण दाबलं. आकडा आला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा दाबलं. तोच आकडा.

"काय झालं, बाबा?"

"आवाज गेला."

"कुठे?"

"तुझ्या हातात. तू पापणी लवव, तेवढ्यात हजारदा पोचेल."

मुलगा हातातल्या टोकाकडे बघत राहिला. मग त्याने दुसरा तळवा खांबावर ठेवला, देवळात ठेवावा तसा. "एवढा भरीव?"

घर बांधताना तपासनीस परगावी कामावर होते. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून खांबांना ओली पोती गुंडाळून रोज पाणी घातलं ते बायकोने. फोनवर ते म्हणत, "पुरे आता." ती म्हणे, "पुरे तुमच्या साइटवर म्हणा."

दुसरा खांब पास झाला. तिसरा त्याहून सरस निघाला. तिघंही आता कुजबुजत बोलत होते. मुंग्यांनाही कोणी हाकललं नाही. सहावा खांब झाला तेव्हा घरभर क्रीमचा वास होता आणि बरणीच्या तळाशी बोटभर क्रीम उरली होती.

तपासनिसांनी झाकण लावलं.

बिल्डर आला तेव्हा ते यंत्र पुसत होते. "काय ठरलं मग?" बिल्डरने विचारलं.

"सहा पास झाले," मुलगा म्हणाला. "सातवा जिन्याखाली आहे. तो झाल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही."

"मग करा की! अडलंय कुठे?"

"जेल नाही."

"अहो, बाजारात मिळतं!"

"मिळतं," मुलगा म्हणाला. "आणायचं लक्षात राहत नाही."

यंत्र प्रयोगशाळेत परत गेलं. बिल्डरने त्यानंतर चार फेऱ्या मारल्या. जिन्याखालचा खांब अजून तपासायचा राहिला आहे.