शिमशोन मिस्त्रीची दहा माणसं

शनिवार आला की शिमशोन मिस्त्री चुलीला हात लावायचा न्हाई. बिडीसुद्धा बंद. यहुद्यांच्या देवाचा तसा हुकूम आहे म्हणे. दुसऱ्याला ‘पेटव’ म्हणायचीही मनाई. मंग माझ्या ओट्यावर येऊन आभाळाकडं बघत बोलायचा, “चहाची वेळ झाली असावी. मी काही म्हणत नाही.”

मी बी हट्टाचा. “पाहिजे का? सरळ सांगा.”

“मी काही म्हणत नाही, दगडूबा.”

शेवटी आतून माझी बायकोच ओरडायची, “द्या हो त्यांला! दोघं मिळून माझं डोकं खाऊन राह्यले!”

हा माणूस अलिबागकडून जालन्याच्या जिनिंगमध्ये इंजिनं दुरुस्त करायला आल्ता. आख्ख्या गावात यहुदी म्हणून हा आन याची बायको रिबकाबाई. एकदा गोदावरीचा मागूर मासा मी हौसेनं नेला, तर म्हणतो, “याला खवले नाहीत. आम्हाला चालत नाही.” माझा मासा परत! म्हैनाभर मी बोललो न्हाई.

मंग रिबकाबाई वारली. वर्षश्राद्धाला त्यांच्यात एक प्रार्थना असते, तिला दहा यहुदी पुरुष लागतात. मिस्त्री मुंबईला त्यांच्या मशिदीत जाणार होता. त्यांच्या देवळाला ते मशीदच म्हणतात. पर रझाकारांच्या धामधुमीत गाड्या बंद. मिस्त्रीला भाकर जाईना. “तिचं राहून जाणार, दगडूबा,” एवढंच म्हणायचा.

मला बघवंना. त्या दिवशी मी गल्लीतली माणसं हाकून आणली. हमाल, भटजी, हजाम, मी धरून नऊ. सगळे टोप्या घालून.

मिस्त्रीनं दारातच मान हलवली. “नाही चालणार.”

“का? आम्ही माणसं न्हाई?” मी तापलो.

“शंभर आणलेत तरी मी एकटाच. यहुदी लागतात.”

“मंग आमाला करून घ्या यहुदी! बिलकुल आत्ता!”

हजाम म्हणाला, “मेरा तो आधा काम बचपन मेंच हो गया, मिस्त्री.”

भटजी हळूच दाराकडं सरकला. मिस्त्री हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

भटजीनंच दारातून विचारलं, “त्या प्रार्थनेत बाईंचं काय असतं?”

“काही नाही. देवाचीच स्तुती.”

“मंग बाईचं कोण सांगणार?” मी म्हणलो. “ते ऐकायला तर आम्ही चालतो ना?”

मिस्त्री खाली बसला. आम्ही बी बसलो.

“तिला इकडं यायचंच नव्हतं,” तो म्हणाला. “मीच म्हणालो, वर्षभर चल, मग परत समुद्रावर नेतो. नेलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. फक्त माहेरचं कुणी आलं की त्याचा सदरा धुवायला मागून घ्यायची. मागच्या अंगणात जाऊन आधी त्यातला समुद्राचा वास घ्यायची. मी दारातून बघायचो, आणि मागं फिरायचो.”