चिमणीच्या दातांची वाटणी

दादांनी साठी उलटल्यावर पुढचा एक दात बसवून घेतला तो खाण्यासाठी नव्हे, हसण्यासाठी. सायकलवरून पडून तो दात गेला, तेव्हापासून हसू आलं की दादा ओठ घट्ट मिटून मान खाली घालत. आता धाकटी बहीण मुलीकडे, परदेशात, कायमची राहायला निघाली होती आणि जाताना तिनं एकच हट्ट धरला होता.

"आपल्या चौघांचा एक फोटो हवा. आणि त्यात तू तोंड उघडून हसायचंस, दादा. मिटल्या तोंडाचा भाऊ मी भिंतीवर लावणार नाही."

जन्मभर घरांचे नकाशे काढताना रेघभर न चुकलेले दादा मुकाट्यानं दाताच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दात बसवला आणि दमही भरला, "हा तात्पुरता आहे. पक्का यायला आठवडा लागेल. तोवर केळ्यापेक्षा कडक काही तोंडात घालायचं नाही."

फोटोच्या दिवशी चौघं स्टुडिओत वेळेआधी पोचली. दादांच्या पाठची माई, तिच्या पाठचे अप्पा आणि शेवटी धाकटी. तीही आता आजी झाली होती, पण या तिघांपुढे तिला दुसरं नाव नव्हतं. आत कुणाचा तरी फोटो चालू होता, म्हणून चौघं बाहेरच्या बाकावर बसली. एवढ्यात अप्पा शेजारच्या दुकानात डोकावून आले. त्यांचा चेहरा देव भेटल्यासारखा झाला होता.

"पेपरमिंट!" अप्पांनी मूठ उघडली. तळहातावर कोटाच्या बटणाएवढी, जाडजूड, पांढरीशुभ्र गोळी होती. "बरणीत तळाला एकच उरली होती. आजकाल कुणी मागतच नाही म्हणे."

चौघंही त्या गोळीकडे बघत राहिली. लहानपणी बाबा अधूनमधून अशी एकच गोळी आणत. चार पोरं आणि गोळी एक, म्हणून वाटणीचं काम दादांकडे असे. सदऱ्याच्या टोकात गोळी गुंडाळायची आणि वरून कडकन चावायची. कापडातून चावलं की गोळी उष्टी होत नाही, हा कायदा जगातल्या सगळ्या पोरांना पाठ असतो. त्याला म्हणायचं चिमणीचे दात. दादांचे चिमणीचे दात म्हणजे न्यायालय होतं आणि तिथल्या निकालावर आईसुद्धा अपील करत नसे.

"अप्पा, तुला साखर बंद आहे ना?" माई म्हणाली.

"चौथा हिस्सा चालतो."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतोय ना."

धाकटीनं गोळी उचलून दादांच्या हातावर ठेवली. "कर ना रे. आता पुन्हा कधी?"

पुन्हा कधी, असं म्हटल्यावर डॉक्टर कोण आणि केळं कुठलं! दादांनी खोचलेल्या शर्टाचं टोक बाहेर ओढलं, गोळी गुंडाळली आणि डोळे मिटून चावली. कडाड्! त्या आवाजानं चौघांच्या अंगावर काटा आला. कापड उलगडलं तर घड्यांत पांढरे तुकडे. एक, दोन, तीन, चार!

"एका घावात चार!" अप्पा कुजबुजले. "या वयात!"

सगळ्यांत जास्त थक्क झाले होते स्वतः दादा. प्रत्येकानं एकेक तुकडा तोंडात टाकला. चार पिकली डोकी डोळे मिटून गोळी चघळत होती. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेले एक गृहस्थ या मंडळींच्या प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून दाराशीच थांबले.

थोड्या वेळानं दादांची जीभ सवयीनं पुढं गेली आणि थेट मोकळ्या हवेत पोचली.

"दात गेला," दादा म्हणाले.

मग एकच धांदल उडाली. शर्ट झटकून झाला, बाक हलवून झाला. माई ओणवी होऊन फरशी चाचपू लागली, तेव्हा पासपोर्टवाले गृहस्थही भिडेखातर गुडघ्यांवर बसले आणि काय शोधायचंय ते नंतर विचारू लागले. दात काही सापडेना. अखेर माईच्या डोक्यात उजेड पडला.

"तुकड्यांत मिसळला असणार! माझी विरघळली, म्हणजे माझी खरी. अप्पा, तुझी?"

अप्पांचा रंग उतरला. "मी... मी चावून खाल्ली."

"कडक होती?"

"गोळी कडकच असते गं!"

"गिळलास तू दादाचा दात!"

अप्पांच्या पोटात लगेच दुखायला लागलं. त्यांनी दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, दात गिळला तर काय होतं?... नाही, माझा नाही, भावाचा... नाही हो, भांडण नाही, आमचं फार प्रेम आहे..." पलीकडून फोन बंद झाला.

तेवढ्यात फोटोग्राफरनं पडद्याआडून हाक मारली, "चला, चौघांचा फोटो!"

"नको," दादा ओठ न उघडता म्हणाले. "मी आपला मिटूनच बसतो. चालेल ना गं?"

धाकटीचे डोळे भरून आले. संध्याकाळी तिचं विमान होतं आणि पक्का दात आठवड्यानं येणार होता. पण ती बोलेना. गाल फुगवून नुसतीच बसली.

"अगं, बोल काहीतरी," माई म्हणाली.

"कशी बोलू? माझी गोळी आहे अजून." रडतारडताही तिच्या आवाजात जुना तोरा होता. "तुम्ही हावरट, पटापट संपवता. माझी बघा, जशीच्या तशी!"

तिनं ती तळहातावर काढून दाखवली. दात लख्ख चमकत होता.

अप्पांचं पोट तत्क्षणी बरं झालं. धाकटी मात्र तळहाताकडे बघतच राहिली. "म्हणजे हा इतका वेळ... मग माझी गोळी कुठाय?"

दादा अवघडले. "ती मी खाल्ली बहुतेक. मला वाटलं, आज चार झाले."

"आज म्हणजे?" माईनं विचारलं. "चारच तर व्हायचे नेहमी."

"तीनच व्हायचे गं. ती गोळी तीनच ठिकाणी फुटते."

"आणि तू काय खायचास?"

"शर्टाला चुरा लागायचा की. तो चाटायचो. बरा असायचा चुरा."

फोटोग्राफरनं चौघांना हाताला धरून नेलं, खुर्च्यांवर बसवलं, दिवे लावले, तरी तिघं दादांकडेच बघत होती. एवढी वर्षं एका ताटात जेवलेला हा माणूस त्यांना आज नव्यानं दिसत होता.

"दादा," धाकटीनं हळूच विचारलं, "मग आज कशी लागली रे?"

दादांनी समोर बघत नीट आठवून पाहिलं.

"थंड असते गं! पार घशापर्यंत! चुरा नुसता गोड लागायचा. मला वाटायचं, तुम्ही उगाच डोळे मिटून सोंग करता." आणि स्वतःच्याच अडाणीपणाचं त्यांना इतकं हसू आलं की ओठ मिटायचं राहूनच गेलं. दिवा लखकन उजळला.

फोटो बघून फोटोग्राफरनं कपाळाला हात लावला. "काका एकटेच हसतायत, तेही खिडकी उघडी टाकून. तुम्ही तिघं त्यांच्याकडे आ वासून बघताय. परत काढू या. दात मी कॉम्प्युटरवर बसवून देतो."

"हात लावाल तर बघा," धाकटी म्हणाली. "हाच हवाय मला."

निघताना दादांनी दात मागायला हात पुढं केला. डॉक्टरांना दाखवायला हवा होता. धाकटीनं तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"अगं, माझा दात आहे तो!"

"असेल. वाटणीत माझ्या वाट्याला आलाय."