अस्वलाच्या पेटीत काय होतं

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास अस्वलानं पेटीचं झाकण उचललं, मंजुषानं पान उलटलं, आणि पुढे पानच नव्हतं. एकदम मागचा पुठ्ठा लागला.

डोंगरकड्याजवळच्या त्या लहानशा गावात मंजुषा अंगणवाडी सेविका म्हणून लागली त्याला आठ महिने झाले होते. ती आली तेव्हा पटावर सव्वीस लेकरं होती आणि सतरंजीवर सात, तीही खिचडीच्या वेळेला. गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलपात होती. आधीच्या बाईंनी ती इतकी जपली होती, की पानं एकमेकांना चिकटून गेली होती. मंजुषानं ती सोडवली, भिंतीला सुतळी बांधून तिच्यावर वाळत घातल्यासारखी टांगली आणि रोज एक वाचायला घेतलं. दोन महिन्यांत सतरंजी पुरेना. वाचताना तिनं एकच गोष्ट लेकरांच्या मनावर ठसवली होती: ताई म्हणते म्हणून मानायचं नाही, चित्रात बघायचं. ससा किती मोठा, चित्रात बघ. नदी कुठं गेली, चित्रात बघ.

आज तेच तिच्यावर उलटलं.

हे पुस्तक सुतळीवरून आज पहिल्यांदाच खाली आलं होतं. गोष्टीत अस्वलाला नदीकाठी एक लोखंडी पेटी सापडते. ससा आणि बेडूक मदतीला येतात, तिघं मिळून पेटी डोंगरावर ओढत नेतात, किल्ली शोधतात, कुलूप उघडतं. मंजुषानं वेळ मारून न्यायला सांगून टाकलं, की पेटीत लाडू होते.

"दाखवा," आरोही म्हणाली.

मंजुषानं पुठ्ठा उलटासुलटा केला. तेवीस माना पुढे झुकल्या होत्या. खिचडी आली तरी एकही लेकरू जागचं हललं नाही. आरोहीचं म्हणणं, अस्वल झाकण धरून उभं आहे, त्याचा हात दुखत असेल, आपण कसं जेवायचं. शेवटी मंजुषानं पान शोधून आणायचं कबूल केलं, तेव्हा कुठं ताटल्या वाजल्या. मदतनीस नीलाबाई एरवी वाढताना चार गोष्टी बोलायची. आज ती काही न बोलता वाढत राहिली.

लेकरांनी तो प्रश्न घरी नेला. आरोहीचे आजोबा उकंडराव म्हणजे गावातले मोठे हळदवाले. गावाला त्यांना सगळं विचारायची सवय होती आणि त्यांना सगळ्याचं उत्तर द्यायची. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, पेटीत सोन्याच्या मोहरा. तिकडे गावाला लागून असलेल्या तांड्यावर सपनानं तिच्या आजोबांना, पुनमचंदला विचारलं. पुनमचंदची पिठाची गिरणी. त्यानं विचार करून सांगितलं, भाकरी आणि ठेचा.

बुधवारी सतरंजीचे दोन भाग झाले. खिडकीकडे मोहरा, दाराकडे भाकरी. दहा वाजता सपना आरोहीच्या दंडाला चावली. सव्वादहाला आरोहीनं घोटभर पाणी तोंडात घेऊन सपनाच्या अंगावर उडवलं. अकराला दोन्ही आजोबा हजर.

उकंडराव हळद शिजवणं सोडून आले होते, कोपरापर्यंत पिवळे. ते चावण्याची तक्रार घेऊन आले होते, पण पुनमचंदला पाहून त्यांनी आधी वेगळाच विषय काढला.

"पुनमचंद, तू लेकराला काय सांगून राहिला? भाकरीला कुणी कुलूप लावतं व्हय?"

"सोनं आसतं तर बेडकाला वढली आसती का पेटी?" पुनमचंद शांतपणे म्हणाला. "वजनाचं काय?"

"बेडूक नुसता संग होता. वढत होतं अस्वल."

"ताई, काढा ते पुस्तक. चित्रात बघू."

पुस्तक काढलं गेलं. दोघे आजोबा लेकरांच्या मधे मांडी घालून बसले आणि पानापानावर बेडकाचे पाय नीट तपासू लागले. उकंडरावांना बोलवायला शेतातून दोन बायका आल्या, की हळद उतरवायची वेळ झाली. त्या दारात उभ्या राहिल्या, मग उंबऱ्यावर टेकल्या. त्यांच्यातल्या बेबीबाईला वाटत होतं, की पेटीत कुणाची तरी सून असावी. का, ते तिनं सांगितलं नाही. मंजुषा मनातून सुखावलीही होती. इतकी वर्षं या खोलीतलं पुस्तक गावातल्या कुणी हातात धरलं नव्हतं, आणि आज मोठी माणसं त्यावर भांडत होती.

तेवढ्यात उकंडराव शेवटच्या पानाशी पोचले. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि चष्मा वर केला.

"मंजुषा, हे पान गळालं न्हाई. कुणीतरी फाडलंय. सरकारी पुस्तक हाय हे."

मागं नीलाबाई घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली.

संध्याकाळी गावाच्या व्हाट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, अंगणवाडीतल्या पेटीचं पान फाडलं. कुणीतरी ते आटोपशीर करून पुढं धाडलं: अंगणवाडीतली पेटी फोडली. आत सोनं होतं की नव्हतं यावर रात्री बरीच चर्चा झाली. गुरुवारी दुपारी तालुक्याला सुपरवायझर मॅडमच्या फोनवर जो निरोप पोचला, तो असा होता, की अंगणवाडीतली पेटी फोडून सोनं लंपास.

मॅडमनी मंजुषाला फोन केला. अंगणवाडीत सोनं कुठून आलं आणि ते नोंदवहीत का नाही, असं त्यांनी विचारलं. मंजुषानं अस्वलापासून सुरुवात केली. मॅडम मधेच म्हणाल्या, की त्या शुक्रवारी स्वतः येतील, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री मंजुषाला जेवण गेलं नाही. नोकरीचं काय होईल ते होवो, पण पुस्तकं पुन्हा कुलपात जाणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिला एकदम संगिताची आठवण झाली. दोघी प्रशिक्षणाला एकत्र होत्या, संगिता तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला सेविका होती आणि पुस्तकांचा हाच संच तिलाही मिळाला होता. मंजुषानं तिला फोन लावला. संगिता म्हणाली, आमचा गठ्ठा अजून दोरीत बांधलेलाच हाय, सकाळी सोडते आन् फोटो पाठवते.

शुक्रवारी मॅडम स्कुटीवरून उतरल्या तेव्हा अंगणवाडीत तेवीस लेकरं आणि त्याहून जास्त मोठी माणसं होती. हळदीच्या मजूर बायकांनी तर त्या दिवशी जेवणाची सुट्टी अकरालाच घेतली होती. मॅडमनी खुर्चीत बसून घाम पुसला, पुस्तक मागितलं आणि अस्वलाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी मागचा पुठ्ठा उलटून पाहिला.

"मग पेटीत काय होतं?" त्यांनी विचारलं, आणि लगेच घसा खाकरून म्हणाल्या, "म्हणजे, पान कुठं आहे?"

त्याच वेळी मंजुषाचा फोन वाजला. संगिताचा फोटो आला होता, पण उघडत नव्हता. नुसतंच गोल फिरत होतं. उकंडराव म्हणाले, आमच्या माळवदावर रेंज येते. मंजुषा निघाली, तिच्यामागं मॅडम, मॅडमच्या मागं दोन्ही आजोबा, मग बायका, आणि लेकरं एकमेकांचा सदरा धरून रांगेनं. माळवदावर वाळत घातलेल्या हळदीच्या कडेकडेनं सगळे उभे राहिले. मंजुषानं फोन उंच धरला. फोटो उघडला.

पानावर एक मोठी रिकामी चौकट होती. आत काही नव्हतं. खाली एकच ओळ होती. मंजुषानं ती मोठ्यानं वाचली.

"पेटीत काय असेल? तुम्हीच चित्र काढा."

मग पुनमचंद म्हणाला, "म्हंजी लिवणाऱ्यालाबी ठाव न्हाई."

मॅडमनी फोन हातात घेतला, पान बोटांनी मोठं करून पाहिलं. रिकामी चौकट आणखी मोठी झाली. मागून नीलाबाई पुढं आली. तिनं पदर तोंडावर धरला होता.

"आसंच होतं बगा ते पान," ती म्हणाली. "दिवाळीच्या टायमाला मला मिठाला पुडी पायजे होती. बाकी समदी पानं भरलेली, हे एकलंच कोरं. मला वाटलं, छापणाऱ्याचं ऱ्हाऊन गेलं आसंल."

मंजुषाला रागवायचं होतं, पण तिला हसू फुटलं. ते तिनं खोकून लपवायचा प्रयत्न केला. लपलं नाही.

खाली उतरून अंगणवाडीत परत आल्यावर तिनं खडूंचा डबा उघडला आणि अख्खी फरशी लेकरांना देऊन टाकली. पाच मिनिटांत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी पेटीत ट्रॅक्टर ठेवला, कुणी आई, कुणी दुसरी पेटी. सपनानं भाकरी काढल्या. आरोहीला मोहरा गोल जमेनात, म्हणून तिनं आजोबांच्या हातात खडू दिला. उकंडरावांनी आजूबाजूला पाहिलं, गुडघे मोडून खाली बसले आणि एकेक मोहर मन लावून काढू लागले. हात नांगरावर बसलेला, खडूवर नव्हे. मोहरा मोठ्या आल्या, जरा वाकड्या आल्या, आणि कडेला भाजल्यासारख्या ठिपकेदार आल्या.

पुनमचंद वरून बघत होता. "मालक," तो म्हणाला, "झाल्या की भाकरी."

उकंडरावांनी चित्राकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. "ठेचा तू काढ," ते म्हणाले.

मॅडमनी भेटीची नोंदवही मागवली. त्या बराच वेळ मान खाली घालून लिहीत होत्या. लिहून झाल्यावर वही मिटून त्यांनी मंजुषाच्या हातात दिली, गंभीर चेहऱ्यानं गॉगल लावला आणि गेल्या. लेकरं घरी पांगली, बायका हळदीकडे वळल्या. मंजुषाचं धाडस होईना. शेवटी नीलाबाईच म्हणाली, उघडा एकदाची, जे आसंल ते आसंल.

लाल शाईत लिहिलं होतं: गोष्टीच्या पुस्तकाचे एक पान गहाळ. यापुढे मिठासाठी शासकीय पुस्तक वापरू नये. उपस्थिती समाधानकारक. खाली सही, शिक्का. आणि शिक्क्याच्या बाजूला, त्याच लाल शाईत, बोटभर उंचीची एक पेटी. झाकण जरासं उघडं आणि आतून बाहेर आलेले दोन कान.

नीलाबाईनं वही डोळ्यांजवळ नेली. "सशाचे हाएत," ती म्हणाली.

"गोष्टीत ससा तर पेटीच्या बाहेर उभाय. मांजराचे आहेत."

"मांजराचे येवढे लांब आसतात व्हय?"

"लांब कुठं आहेत? नीट बघा."

"बगूनच सांगून राहिले."

चुलीवर ठेवलेला चहा उतू जाऊन विस्तव विझला, तरी दोघी वहीवरच वाकलेल्या होत्या.