उणे दोन फुटांची दुरुस्ती

"दहा मिनिटांचं काम आहे, मॅडम! चहा निवायच्या आत देतो!" सिहोऱ्यातल्या घरी बसून कमलेशने नागपूरच्या कंपनीतल्या रुचिता मॅडमना छातीठोकपणे सांगितलं.

काम कंपायलरचं होतं. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा हा गडी तसा शहाणा, पण उणे आकडा बिनचिन्हाच्या आकड्यात बदलताना त्याचं डोकं फिरायचं. त्यामुळे कमलेशनेच तलावावर लावलेल्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाटीवर उणे दोनऐवजी ६५५३४ फूट पाणी दिसत होतं! एवढ्या पाण्यात आंबागडचा किल्लाच काय, वरून जाणारी विमानंही बुडाली असती. मासेमारी संस्थेतले भोजराजभाऊ रोज विचारायचे, "काय गा, समुद्र आला काय सिहोऱ्याले?"

त्यात आज मत्स्यबीजाची गाडी येणार होती. पाणी शून्याच्या खुणेच्या वर असेल तरच बीज सोडायचं. खाली असेल, तर संस्थेचं वर्षभराचं बीज चिखलात मरणार. कमलेश इरेला पेटला. त्याने कंपायलरमध्ये दोनच ओळी घातल्या: आकडा उणे आला, की चिन्ह काढून टाकायचं! प्रोग्राम नव्याने पाटीत भरला आणि पाटीवर झकास '२' उमटला. उणे म्हणजे पाणी खुणेच्या खाली, हे घाईत त्याच्या ध्यानातच आलं नाही. लगोलग त्याने दुरुस्ती कंपनीला पाठवूनही दिली.

गाडी आली. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे कमलेशचे वडील तुलाराम. ते पाण्याकडे बघत रेंगाळले. "पाणी कमी दिसून रायलं ना, बाबू."

"बाबा, डोळे चुकतेत, मशीन नाई चुकत! दोन फूट वर हाये!"

चाळीस वर्षं जाळं टाकलेला माणूस, पण पोराचा मान राखायला त्यानं डोंग्याची दोरी सोडली. "पयले आपण दोघं डोंग्यानं जाऊन पाहू. मंग बीज सोडू," एवढंच म्हणाला.

डोंगा दहा हात गेला आणि रुतला. कमलेश ऐटीत ढकलायला उतरला, तो थेट कमरेपर्यंत चिखलात!

"जाळं आना रे! मोठा मासा लागला!" काठावरून भोजराजभाऊ ओरडले.

तुलारामांनी हसू दाबत हाक दिली, "गाडी वरच्या बोडीवर न्या! तळं लहान हाये, पन पाणी हाये. बीज तिकडंच सोडू."

चिखल आणखी थोडा खोल असता तर बरं झालं असतं, असं कमलेशला वाटलं. तेवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन वाजला.

"कमलेश, तुझी दुरुस्ती मिळाली. उणे आकड्यावर नीट तपासून पाहिलीस ना?"

"तपासतोय, मॅडम," कमलेश बारीक आवाजात म्हणाला, "त्यातच उभा आहे!"