लाल झाकणाचा डबा

स्क्रूच्या कारखान्यात वीस वर्षं तपासनीस म्हणून काढली की माणसाला एक खोड हमखास लागते. सगळं जग आपल्यापुढे तपासणीसाठीच मांडून ठेवलंय, असं त्याला वाटायला लागतं. आमच्या तपासनिसांचंही तसंच झालं होतं. बायकोने शिवून आणलेले पडदे ते फूटपट्टी लावून बघत. सासूबाईंच्या नव्या कवळीवरही त्यांनी आपलं मत दिलं होतं (कुणी मागितलं नव्हतं).

सहा वर्षांची लेक छकुली मात्र काही केल्या त्यांच्या मापात बसेना. छकुलीला ऑटिझम होता. ती मोजके चार शब्द बोलायची आणि मोजून पाच गोष्टी खायची: कडा काढलेला पाव, निळ्याच कपातलं दूध, चौकोनी खारं बिस्किट, उकडलेला बटाटा आणि केळं. हे पाच पदार्थ तिच्या गळी उतरवायला तिच्या आईची तीन वर्षं गेली होती. तपासनिसांनी त्यातले तीन एका दुपारी बाद केले.

झालं असं, की कारखान्यातल्या स्टोअरकीपरने त्यांना एका आहारगुरूचा व्हिडिओ पाठवला. गहू आणि दूध बंद करा, सहा आठवड्यांत मूल घडाघडा बोलायला लागेल, असं गुरू छातीठोकपणे सांगत होता. अंगात पांढरा कोट होता. तो कोट कुठल्या धंद्याचा होता, हे मात्र आयुष्यभर तपासणी करणाऱ्या या माणसाने तपासलं नाही.

"अहो, हे नीट चाचण्या घेऊन बघितलंय लोकांनी," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची, चार ते नऊ. "फरक पडल्याचं काही ठोस सापडलेलं नाही."

"लोकांनी घेतल्या असतील. मी कुठे घेतलीय?"

"तुम्ही कोण?"

"मी बाप आहे!"

 बायकोने बाप-लेकीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई अनुभवी होत्या. हट्टी रुग्ण एकवेळ बरा होतो, हट्टी बाप होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"करायचंच असेल तर आंधळी चाचणी करा," त्या म्हणाल्या. "एका डब्यात गहू-दुधाची बिस्किटं, दुसऱ्यात त्याशिवायची. कुठल्या डब्यात काय, ते फक्त आईला माहीत. तुम्ही नुसतं निरीक्षण करायचं. पण आधी आहारतज्ज्ञ बाईंना भेटा, आणि दर आठवड्याला वजन करायला आणा."

यातलं 'निरीक्षण' एवढंच तपासनिसांच्या कानात शिरलं. आहारतज्ज्ञ कशाला? वजनकाटा कशाला? (वजनाला मीच नेतो, असं बायकोला सांगून त्यांनी तो विषयही मिटवला.) वीस वर्षांत एक वाकडा स्क्रू या नजरेतून सुटला नव्हता!

बायकोने रविवारी खपून दोन प्रकारची बिस्किटं भाजली आणि लाल आणि हिरव्या झाकणाच्या डब्यांत भरली. कुठे काय, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात बंद करून टाकली. तपासनिसांनी जाडजूड वही आणली आणि रकाने आखले: नजरानजर, अस्वस्थता, आवाज. बायको दुकानात गेली की एक दिवस लाल, एक दिवस हिरव्या डब्यातली पाच बिस्किटं छकुलीपुढे ठेवायची, स्वतः कोरा चहा घेऊन समोर बसायचं आणि आठ वाजेपर्यंत दहापैकी गुण द्यायचे. पुराव्यासाठी मोबाईल कुंडीला टेकवून चित्रण चालू.

"खाल्ली का हो तिने?" बायको रात्री विचारायची.

"पाचच्या पाच! बशी रिकामी!"

"मग ती बारीक का दिसतेय?"

"तुला आपलं काहीतरी दिसतं."

तिसऱ्या आठवड्यात छकुली संध्याकाळी रिकाम्या निळ्या कपाशी बसून राहायला लागली. तो उचलायची, आत बघायची आणि परत ठेवायची. तपासनिसांनी नोंद केली: 'एकाग्रता वाढली.'

महिना संपला तेव्हा निकाल लखलखीत होता. हिरव्या डब्याच्या दिवशी छकुली शांत, लाल डब्याच्या दिवशी त्रासदायक. तपासनिसांनी दोन रंगांत आलेख काढला, स्टोअरकीपरला दाखवला, त्याच्याकडून शाबासकी घेतली आणि वरातीच्या थाटात सगळ्यांना घेऊन दवाखान्यात हजर झाले.

डॉक्टरीणबाईंनी आधी छकुलीला काट्यावर उभं केलं.

"दीड किलो कमी झालंय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "एका महिन्यात. मी दर आठवड्याला आणा म्हटलं होतं ना?"

बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी घाईघाईने वही उघडली.

"ते बघू आपण. आधी निकाल. पाकीट फोड गं!"

तिने पाकीट फोडलं. लाल झाकण: गव्हाचं पीठ आणि दुधाची पावडर.

"सांगितलं नव्हतं मी?" तपासनीस खुर्चीतून उठलेच. "गुरू खरा निघाला! हा बघा पुरावा, लाल डब्याचा दिवस."

त्यांनी मोबाईल डॉक्टरीणबाईंपुढे धरला. तपासनिसांनी स्वतः हे चित्रण कधी पाहिलं नव्हतं. पुरावा गोळा करण्यातच इतका वेळ जायचा की बघणार कधी?

पडद्यावर टेबल दिसत होतं. तपासनीस वहीत डोकं खुपसून लिहीत होते. छकुलीने एक बिस्किट उचललं, त्याची गोल कड बोटाने चाचपली, उठली आणि ते बाबांच्या बशीत नेऊन ठेवलं. बाबांनी मान वर न करता ते चहात बुडवलं आणि खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं. पाचव्या वेळी तर त्यांनी बोटांवरचा चुराही चाटला.

डॉक्टरीणबाईंनी चित्रण पुढे सरकवलं. साडेसहाला तपासनीस पोटावर हात दाबून बसले होते. छकुली नेहमीसारखी हळू आवाजात गुणगुणत होती. "किती कलकल करतेस!" ते तिच्यावर खेकसले आणि वहीत लिहिलं: अस्वस्थता, दहापैकी नऊ.

 बायको उठली, खालच्या दुकानातून पाव घेऊन आली, कडा काढल्या आणि छकुलीपुढे धरला. पोरीने दोन्ही हातांनी घेतला. तीन पाव तिने कुणाकडेही न बघता संपवले.  महिनाभर लेक तपासनिसांपुढे उपाशी बसली होती आणि ते रकाने भरत होते. त्यांनी चौथा पाव घेतला आणि कडा काढायला लागले. त्या वाकड्या निघाल्या. छकुलीने तो पाव तपासला आणि नाकारला.

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

"चाचणी तशी वाया गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "दूध सोसत नसावं अशी शंका आहे. पंधरा दिवस बंद ठेवून बघू. वय?"

"सहा वर्षं चार महिने," तपासनीस आशेने म्हणाले.

"तिचं नाही हो. तुमचं!"