दुर्मिळ जंत आणि आमची मनू

कोणताही जीव मुळात क्षुल्लक नसतो. त्याच्यावर अजून समिती नेमलेली नसते, एवढंच. दादर आणि माहीमच्या मध्ये, आमच्या इमारतीमागे सांडपाण्याचा एक नाला समुद्राला मिळतो. त्याच्या तोंडाशी राहणाऱ्या जंताला समितीचं भाग्य नुकतंच लाभलं, आणि तेही माझ्या तोंडामुळे.

आमची मनू चार वर्षांची. तिथल्या वाळूत किल्ले करते आणि वाळूची चवही बघते. (मी लक्ष ठेवते. इतकं, की नवरा मला सीसीटीव्ही म्हणतो. पण सीसीटीव्हीसमोरही चोऱ्या होतातच.) मध्यंतरी ती झोपेत दात खायला लागली, पोट धरून बसायला लागली. तळमजल्यावरच्या शकूमावशींनी निदान केलं, "अगं, जंत झालेत. गोळी दे, नि आधी तो नाला बंद करून घे."

म्हणून वॉर्डाच्या नागरिक सभेत मी उभी राहिले.

"साहेब, नाल्यापाशी जंत आहेत."

"नेमके कुठे?"

"तोंडाशीच. वाळूत."

"आपण स्वतः पाहिलेत?"

"आईला कळतं हो!"

सभेला आलेले अच्युत साहेब चक्क उठून उभे राहिले. नाल्याच्या तक्रारीला कोणी उठून उभं राहिल्याचं मी प्रथमच पाहत होते. नंतर उलगडा झाला : नाल्याचे साहेब रजेवर होते, म्हणून जैवविविधतेचे साहेब पाठवले होते.

दुसऱ्याच आठवड्यात डॉ. अक्षता नावाची एक हुशार मुलगी चाळणी घेऊन आली आणि तिला खरोखरच जंत सापडला. लालसर, सुतळीएवढा जाड, आजवर कुठेही नोंद नसलेला सागरी जंत. जगात इतरत्र तो नाही, कारण जगात इतरत्र त्याची जेवणाची इतकी नियमित सोय नाही. त्याचा आहार म्हणजे नाल्यातून जे येतं ते. (तपशील अहवालात आहे, जेवताना वाचू नये.) परिणामी नाला बंद करण्याचा विषय 'अधिवासास बाधा' या कारणास्तव कायमचा बंद झाला. आणि प्रथम निरीक्षक म्हणून मला शाल-श्रीफळ.

सत्काराच्या व्यासपीठावरच मी म्हटलं, "अहो, मी आमच्या मनूच्या पोटातल्या जंतांबद्दल बोलत होते!"

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे तो तिथेही आढळतो?"

"सर, ते वेगळे असतात," अक्षता म्हणाली.

"पडताळणीआधी असं म्हणणं शास्त्रीय नाही, मॅडम."

तेव्हापासून मनू ही 'संभाव्य उप-अधिवास' आहे. उप-अधिवासाला ढवळू नये, त्याला फार उड्या मारू देऊ नयेत आणि पडताळणी होईपर्यंत जंताची गोळी देऊ नये, अशा सूचना मला समजावून सांगण्यात आल्या. (पडताळणीचं यंत्र मागवलेलं आहे. ते मागवलेलंच असतं.) बालवाडीत सगळ्या पोरांना गोळ्या वाटल्या, मनूला 'मी निसर्गमित्र' असा बिल्ला मिळाला. बिल्ला तिला फार आवडला. पोट दुखायचं थांबलं नाही.

समितीचं काम मात्र वाखाणण्याजोगं आहे. पहिल्या पाहणीनुसार जंतांची प्रकृती उत्तम, संख्या वाढती, नाल्याबाबत समाधान शंभर टक्के. मुलांच्या प्रकृतीची पाहणी कार्यकक्षेत येत नाही. (मनूची होते, पण परिसर म्हणून.)

हे सगळं मी शकूमावशींना रीतसर सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोट कोणाचं?"

"मनूचं."

"मग साहेबाला काय विचारतेस? गुळात चुरडून घाल नि दे!"

मी कडी लावून घेतली आणि संवर्धनविरोधी कृत्य केलं. मनूने गूळ चाटूनपुसून खाल्ला, बिल्ल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, साहेब रागावतील?"

"पोटातले साहेबांना मोजता येत नाहीत."

आता ती शांत झोपते. पण सकाळ झाली की बादली घेऊन दारात उभी राहते, आणि गोळीचा प्रताप पुढच्या घासभर वाळूपुरताच आहे, हे मला माहीत आहे. नाला अखंड वाहतो आहे.

तुम्ही म्हणाल, काय ही समिती! म्हणा, आणि मनसोक्त हसा. मग कधीतरी येऊन समितीने नाल्यावर लावलेल्या फलकाची शेवटची ओळ वाचा : 'या दुर्मिळ जीवाचे अन्न परळ ते माहीम घराघरांतून येते. त्याच्या संगोपनात रोज सकाळी न चुकता सहभागी होणाऱ्या सर्व नागरिकांचे आभार.'

म्हणजे शाल खरी तुमची. मी ती धुऊन ठेवली आहे. पाणी अर्थात नाल्यालाच गेलं. घेऊन जा. फक्त येताना हात धुऊन या.