टोमॅटोंची पंगत

सोमवारी दिवेलागणीपर्यंत आनंदीकाकूंचं मौन असे, आणि नेमकी एका सोमवारीच त्यांच्यावर बोलायची वेळ आली.

दुर्गाघाटावरच्या त्यांच्या गच्चीत पुतणी मुक्तानं टोमॅटोच्या रोपांच्या दोन रांगा मांडल्या होत्या. विद्यापीठातल्या काचघरात तिला जागा मिळाली नव्हती. "काकू, एका पानाला रोग लागला ना, की झाड आतल्या आत हार्मोन तयार करतं आणि बाकीच्या पानांना सांगावा धाडतं, सावध राहा! मी तोच सांगावा फवाऱ्यातून आधीच देतेय," ती म्हणाली होती. एका रांगेला हार्मोनचा फवारा, दुसरीला नुसतं पाणी. मग दोन्हींवर बुरशी सोडायची.

तेव्हापासून पहाटे जप करताना काकूंचे डोळे अर्धवट मिटत. गंगेवरचं धुकं जिना चढून गच्चीत येई आणि त्यांना पानांची कुजबुज ऐकू येई. पहिली रांग म्हणे, 'सावध गं, सावध.' दुसरी बिचारी रिकामं पान पुढ्यात घेऊन बसलेली. एकाच पंगतीत एकाला वाढायचं नि शेजारच्याला उपाशी ठेवायचं? असला पंक्तिप्रपंच काकूंनी जन्मात केला नव्हता. बुरशी सोडायच्या आधीच एका पहाटे त्या अलगद उठल्या आणि दुसऱ्या रांगेलाही तोच फवारा मारून आल्या.

त्या सोमवारी दुपारी मुक्ता गच्चीत रडवेली उभी होती. "बुरशी सोडली तरी दोन्ही रांगा सेम टू सेम! कशावरच डाग नाही. मतलब फवाऱ्याचा काही फायदाच नाही. सगळी मेहनत बेकार!"

काकूंनी लगबगीनं बाटलीकडे बोट केलं, दुसऱ्या रांगेकडे केलं आणि स्वतःचे कान धरले.

"काका, काय म्हणतायत काकू?"

रत्नाकरकाकांनी चष्मा वर केला. "बाटली फेक म्हणतेय. आणि पुन्हा असले उद्योग करणार नाही म्हणून कान पकड."

"ठीक आहे. सरांना सांगते, विषयच बदलते." मुक्तानं फोन लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

काकूंनी आभाळाकडे पाहिलं. सूर्य ढळायचं नाव घेत नव्हता. त्यांनी मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागितली.

"ठेव तो फोन! दुसऱ्या पंगतीला मीच वाढलं गं. बघवेना मला!"

मुक्तानं फोन ठेवला. डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "म्हणजे दोन्ही रांगा फवाऱ्यानंच वाचल्या असतील! पण आता सगळं पहिल्यापासून हं, काकू. आणि एक रांग उपाशीच राहणार. त्याशिवाय फरक कळत नाही."

"उपाशी ठेवल्याशिवाय कळतच नाही?"

"नाहीच."

संध्याकाळी उपास सोडायला काकूंनी साजूक तुपातला शिरा केला. मुक्ताच्या पानात दोनदा वाढला. काकांच्या पानात नुसता वरणभात.

"अगं, हा कसला पंक्तिप्रपंच?"

"प्रयोग आहे. तुमची साखर शिऱ्यानं वाढते की कशानं, ते बघायचंय," काकू शांतपणे म्हणाल्या. "आजपासून तुम्ही नुसत्या पाण्याच्या रांगेत."